केरबाने नवसागर सांभाळला

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे कसा, तर सांगितलेलं कधी विसरायचा नाही. आज सांगितलेलं जपून ठेवायचा आणि उद्या नको तिथं वापरायचा.

त्यामुळे कुठलं काम त्याच्याकडे टिकायचं नाही. तेलाच्या घाण्यावर तीन दिवस राहिला. वीटभट्टीवर दोन. देवळात झाडलोटीला लागला, तर पुजारी म्हणाला, "घंटा वाजली की येत जा." तेव्हापासून केरबा स्वतःच घंटा वाजवायचा आणि स्वतःच धावत यायचा. दिवसभर. दुसऱ्या दिवशी पुजाऱ्याने हात जोडले.

केरबाची बायको सगुणा. तिच्या मांडीवर आठ महिन्यांचं लेकरू. ती म्हणाली, "अहो, या खेपेला काम टिकलं नाही ना, तर मी लेकराला घेऊन माहेरी जाते. मग बसा एकटे."

"बसतो," केरबा म्हणाला.

"बसू नका. काम टिकवा."

मग केरबा इमामचाचांकडे गेला. इमामचाचा गावचे कल्हईवाले. देवीच्या भंडाऱ्याची भांडी त्यांच्याकडे आली होती. चार मोठी पातेली आणि ताकाचा एक पितळी हंडा. पितळेला आतून कल्हई नसेल तर ताक कळकतं, आणि तसलं ताक पिऊन अख्ख्या गावाला उलट्या होतात. म्हणून काम जोखमीचं.

चाचा म्हणाले, "शुक्रवारी पंच भांडी बघायला येतील. ते खूश होऊन गेले, तर तू कायमचा माझ्याकडे. नाहीतर आपला रामराम."

"रामराम, चाचा."

"आत्ता नाही रे. नाहीतर, असं म्हटलं मी."

सोमवारी चाचांनी त्याला तालुक्याला पाठवलं. "दुकानातून अर्धा किलो नवसागर घेऊन ये."

केरबा घागर घेऊन निघाला. नऊ सागर आणायचे म्हटल्यावर पिशवी कशी पुरेल? दुकानदाराने पांढऱ्या भुकटीची एक पुडी बांधून दिली. केरबाने ती उलटी-सुलटी करून बघितली.

"यात नऊच्या नऊ आहेत का?"

"काय नऊ?"

"सागर."

दुकानदाराने पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

वाटेत ओढा लागला. केरबाला वाईट वाटलं. सागर म्हणायचं आणि पाण्याचा टिपूस नाही. त्याने पुडी घागरीत सोडली आणि वरून ओढ्याचं पाणी भरलं. घागर एकदम थंडगार पडली. सागर खूश झाला, असं त्याला वाटलं.

चाचांनी घागरीत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे बाबा, तापल्या भांड्यात टाकायची पूड आहे ही. हिनं भांड्याचा मळ सुटतो, मग कथील बसतं. हिला पाणी लागू द्यायचं नाही. कोरडी ठेवायची. घट्ट गुंडाळायची, झाकणाच्या डब्यात घालायची आणि उंच फळीवर ठेवायची. कळलं?"

केरबाने ते लक्षात ठेवलं. फार चांगलं लक्षात ठेवलं.

संध्याकाळी सगुणा म्हणाली, "मी पाणी घेऊन येते. तोवर लेकरू सांभाळा." लेकराने तेवढ्यात दुपटं ओलं केलं. केरबा घाबरला. ओलं झालं, म्हणजे आता वाया जाणार. त्याने लेकराला कोरडं केलं. घट्ट गुंडाळलं. आणि उंच फळीवर, मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवलं.

लेकराला काही झालं नाही, हे आधीच सांगते. उगाच तुमच्या जिवाला घोर नको. ते वर हळदीच्या डब्याशी खेळत बसलं होतं. केरबाही खाली हात पसरून उभा होता, पण ते लेकरासाठी नाही. डबा पडेल म्हणून.

सगुणा आली. तिने घागर तिथंच टाकली आणि लेकरू खाली घेतलं.

"फळीवर ठेवलंत? लेकराला?"

"डब्यातच ठेवणार होतो गं. पण एवढ्या मापाचा डबा मिळाला नाही."

सगुणाने लेकराला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "हे बघा. एवढा नाजूक जीव. त्याला असं मांडीवर घ्यायचं. जवळ धरायचं. मधूनमधून मुका घ्यायचा. समजलं?"

केरबाने तेही लक्षात ठेवलं.

मंगळवारी चाचांनी नवा नवसागर आणला. तो केरबापाशी देऊन ते कोळसा आणायला गेले. जाताना म्हणाले, "नाजूक चीज आहे. नीट सांभाळ."

परत आले, तर केरबा नवसागर मांडीवर घेऊन डुलत होता. ओठांना पांढरं लागलं होतं.

"केरबा, तू याला तोंड लावलंस?"

"मुका घेतला. दोन घेतले. खारट आहे, चाचा. जीभ भाजल्यासारखी झाली."

चाचांनी त्याला दहा चुळा भरायला लावल्या. हात साबणाने धुवायला लावले. मग समोर बसवून सांगितलं, "मिठासारखं दिसलं म्हणून मीठ नसतं. हे पोटात गेलं तर त्रास होतो. असलं पांढरं दिसलं की तोंड लावायचं नाही. त्याच्यावर लाल फडकं बांधायचं आणि सगळ्यांना ओरडून सांगायचं, हात लावू नका म्हणून. चारचौघांचा जीव वाचतो."

बुधवारी सगुणाच्या मामाकडे बारसं होतं. पंगत बसली. पानावर पांढरा भात आला. भातावर पांढरं दही. डाव्या कोपऱ्यात पांढरं मीठ. केरबाच्या अंगावर काटा आला. त्याने खिशातून लाल फडकं काढून भाताच्या मुदीवर बांधलं, उभा राहिला आणि ओरडला, "हात लावू नका."

पंगतीतले हात जिथल्या तिथं थांबले. कुणीतरी बाई म्हणाली, "काय पडलं गं भातात?" दुसरी म्हणाली, "पाल असेल." तिसरी म्हणाली, "मी मघाशीच म्हटलं, वास कसला येतोय." आणि अख्खी पंगत उठली. बाळाचं नाव ठेवायचं राहिलं, लोक मामाच्या स्वयंपाकालाच नावं ठेवत गेले.

मामा म्हणाला, "जावईबापू, अन्नाला नावं ठेवू नयेत हो."

"नाव नाही ठेवलं, मामा. फडकं ठेवलं."

मामा समंजस माणूस. त्याने केरबाच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐका. समोर पांढरं, वाफाळतं काही आलं की आपण मागं सरायचं नाही. मान खाली घालायची, देवाचं नाव घ्यायचं, आणि मिळेल तेवढं आत घ्यायचं. यजमानाला बरं वाटतं."

केरबाला ते फार पटलं.

गुरुवारी भट्टी पेटली. चाचांनी पहिलं पातेलं लाल होईस्तोवर तापवलं. नवसागराची चिमूट आत टाकली. भसकन पांढरा धूर उठला. चाचांनी नाकाला फडकं लावून तोंड फिरवलं. केरबाने मान खाली घातली, देवीचं नाव घेतलं आणि मिळेल तेवढं आत घेतलं.

पुढं बराच वेळ तो नुसता खोकत होता. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. चाचा साठीच्या पुढचे, पण त्यांनी त्याला उचलला. बाहेर लिंबाखाली मोकळ्या हवेत नेऊन टेकवला आणि तोंडावर गार पाणी मारलं. अर्ध्या घटकेने केरबाने डोळे उघडले.

"मामाला बरं वाटलं का?" त्याने विचारलं.

चाचांना मामा कोण ते कळलं नाही. ते म्हणाले, "मला बरं वाटलं, तू डोळे उघडलेस म्हणून. नीट ऐक आता. हा धूर छातीत जाऊ द्यायचा नाही. कुणाच्या नाकातोंडात धूर दिसला, की विचारत बसायचं नाही. माणूस उचलायचा. मोकळ्यावर न्यायचा. तोंडावर पाणी मारायचं."

"कुणीही असलं तरी?"

"कुणीही असलं तरी."

शुक्रवार उजाडला. चाचांनी चारही पातेली रांगेत मांडली. पाचही पंच आले. पुढे पाटील, पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, पिळदार मिशा. पाटलांनी पहिल्या पातेल्यात डोकावलं.

"वा, चाचा. तोंड दिसतंय आत. मिशांचे केस मोजून घ्यावेत."

दुसऱ्यात तोंड दिसलं. तिसऱ्यात दिसलं. चौथ्यात तर पाटलांनी मिशा पिळूनही घेतल्या. चाचांचा जीव भांड्यात पडला. केरबाने भांड्यात वाकून बघितलं, पण त्याला तो दिसला नाही.

"आता ताकाचा हंडा बघू," पाटील म्हणाले. "त्याआधी जरा विडी ओढतो."

त्यांनी विडी पेटवली. एक झुरका घेतला. पाटलांच्या नाकातून धूर आला. तोंडातून धूर आला.

केरबाने विचारलं नाही. त्याने पाटील उचलले. पाटील चांगले जाडजूड, पण केरबाने लिंबाखाली नेऊन टेकवले. जवळच भांडी विझवायचं पाण्याचं टिपाड होतं. राखेने काळं झालेलं पाणी. ते त्याने तांब्याने तोंडावर मारलं. पाटील बोलायला गेले, तेव्हा अजून थोडा धूर आला. म्हणून केरबाने अजून पाच तांबे मारले.

पाटील उठून उभे राहिले. सदरा काळा, धोतर काळं, मिशा खाली लोंबत होत्या. कुणी हसलं नाही. म्हणजे बाकीच्या चार पंचांनी पाठ फिरवून घेतली.

चाचांच्या तोंडचं पाणी पळालं. ते दबक्या आवाजात म्हणाले, "केरबा, बास झालं. आता तुझं तोंड मला दिसता कामा नये."

केरबाने विचार केला. काम तर टिकवायचं आहे. म्हणजे जायचं नाही. फक्त तोंड दिसू द्यायचं नाही. त्याने इकडंतिकडं बघितलं. शेजारी ताकाचा हंडा होता. त्याने तो उचलला आणि डोक्यात घातला. जरा अडलं. त्याने जोर लावला. कान आत गेले आणि हंडा खांद्यावर बसला.

इकडे चाचांनी पाटलांना कोरडं उपरणं दिलं, हातापाया पडले. पाटील मनाने मोठे. म्हणाले, "जाऊ द्या. देवीचं काम आहे. हंडा दाखवा, म्हणजे आम्ही सुटलो. कुठंय हंडा?"

"इथं आहे, पाटील," हंडा म्हणाला.

पाटील दोन पावलं मागं सरले.

"पण घेऊ नका," हंडा पुढं म्हणाला. "त्या चार भांड्यांत तुमचं तोंड दिसलं ना? यात मला माझंच दिसत नाही. चाचा, याची कल्हई बिघडली वाटतं."

चाचा मटकन खाली बसले. मग उठले आणि त्यांनी हंडा धरला. पाटलांनी केरबाचे पाय धरले. हंडा हलला नाही. पाचही पंच लागले. कुणी तेल आणलं, कुणी साबण. भंडाऱ्याचं ताक तिकडे घुसळून तयार होतं आणि हंडा इकडे केरबाच्या खांद्यावर.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. सगुणा लेकराला कडेवर घेऊन धावत आली. गर्दी सारून पुढं झाली.

"अहो," ती रडवेली होऊन म्हणाली, "चाचांनी तुम्हाला काढलं का हो?"

"नाही गं," केरबा आतून म्हणाला. आवाज घुमत होता, पण खुशीत होता. "चाचांनी काढून बघितलं. पाटलांनी काढून बघितलं. पाच पंच मिळून सकाळपासून काढतायत. मला काढणं कुणाला जमत नाही. काम पक्कं झालं बघ."