माठाआडचा डोनट

पिठाला वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. एस्तेरबाईंनी यीस्ट घालून मळलेल्या मैद्याचे डोनट कापले आणि फुगायला ओल्या फडक्याखाली ठेवले. शेजारी कढईत तेल तापू लागलं. मधोमध भोक असूनही कडेच्या डोनटच्या पोटात गोळा आला.

"फुगलो की तळतील रे आपल्याला!" तो कुजबुजला.

"तळणार तर आहेतच. तू आपला फूग," शेजारचा म्हणाला.

पण तो हळूच घरंगळत गार माठाआड गेला आणि अंग आखडून बसला. न फुगलेल्याला कोण उचलतंय?

शेवटच्या घाण्याला बाईंचा हात माठामागे आला. "अगंबाई, हा राहिलाच होता की!"

टम्म फुगलेले तेलावर तरंगले. तो मात्र दगडासारखा तळाशी गेला. तिथून त्याला वर सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या.