डॉन फाद्रिकेंची अर्धी सही

स्पेनमधल्या एका गावात डॉन फाद्रिके नावाचे जमीनदार होते. डॉन म्हणजे तिकडचे रावसाहेब. मुलाने कुंभाराची रेमेदियोस पसंत केली, तेव्हा ते भर कचेरीत कडाडले, "कुंभाराचं आडनाव माझ्या घराण्यात येणार नाही!"

तिकडची रीतच अशी, की मुलाच्या नावापुढे आधी बापाचं आडनाव लागतं, मग आईचं.

तिथेच उभी असलेली रेमेदियोस म्हणाली, "नकार लेखी द्या, डॉन. खाली पूर्ण सही करा."

डॉननी ऐटीत 'फाद्रिके वाल्देओल्मोस' लिहिलं आणि हात थबकला. पुढचं आडनाव आईचं, आणि आई कोळशाची भट्टी लावणाऱ्याची लेक. जन्मभर त्यांनी ते आडनाव गिळलं होतं.

कारकून म्हणाला, "मालक, अर्धी सही चालत नाही."

रेमेदियोसने रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "तुमच्या नातवाच्या नावात माझं आडनाव याच जागी येईल. इथे तुमच्या आईचं शोभत असेल, तर माझंही शोभेल. नसेल शोभत, तर तसं लिहून द्या."

डॉननी कागद फाडला. पुढे लग्नाच्या वहीत त्यांनी सही केली, ती मात्र आईसकट.