धुक्यातली हाक

गोदाकाठच्या बोरतळे गावी, ख्रिस्तमंदिरामागच्या लहानशा खोलीत देवदत्त महाराज राहत असत. प्रभू येशूच्या नामात रंगलेला हा पुरुष अविवाहित. पण मोडत आलेले संसार घेऊन लांबलांबून नवराबायको त्यांच्याकडे येत. महाराज दोघांसाठी प्रार्थना करीत. मग एकाने बोलावे आणि दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे, एवढेच सांगत.

त्याच गावात सलोमी नावाची सालस बाई होती. तिची लहानगी लेक तापाने गेली. तेव्हापासून नवरा याकोब, ती जेवायला वाढत असतानाही, एकच वाक्य ऐकवी, "तुझ्यामुळेच गेली ती." याकोब बडा बागाईतदार. त्याला उलट बोलायची कोणाची छाती नव्हती.

एका दुपारी सलोमीने हातापाया पडून त्याला महाराजांकडे आणले. तो उंबऱ्यातच उभा राहिला आणि हसला. "ज्यांनी कधी लग्न केलं नाही, ते आम्हाला संसार शिकवणार? आणि ही बावळट यांच्यापाशी रडायला येते!"

"याकोबा, घटकाभर हिच्या शेजारी बस," महाराज म्हणाले.

"मला मळ्यात कामं आहेत," असे म्हणून तो नदीच्या वाळूतून जवळच्या वाटेने निघाला.

महाराजांनी डोळे मिटले. "प्रभू, याचे शब्द याला ऐकू येऊ देत. पण याला हरवू नकोस."

आणि काय सांगावे! भर उन्हाची वेळ, तरी नदीवर धुके उतरले. याकोबाला पुढचे पाऊल दिसेना. पाखरे गप्प झाली. तेवढ्यात कानाशी कोणी बोलले, "तुझ्यामुळेच गेली ती."

तो गर्रकन वळला. कोणी नव्हते. आवाज मात्र ओळखीचा होता, त्याचा स्वतःचा! मग डावीकडून तेच, उजवीकडून तेच. पुढे तर तो आवाज पायाखालच्या वाळूतून येऊ लागला. त्याने कान दाबले. आवाज आत, छातीत घुमू लागला. तो धावत सुटला, आणि पायाशी आपल्याच आधीच्या पावलांचे ठसे पाहून थिजला. त्या ठशांत पाणी भरत होते. वर घाटात पाऊस झाला होता. नदी चढत होती.

इकडे महाराज म्हणाले, "बाई, तो संकटात आहे. काठावर जाऊन त्याला नावाने हाक मार. पण बळजबरी नाही हो. मारायची की नाही, हे तू ठरव."

सलोमीने पदराने डोळे पुसले. मग उठली. काठावरून तिने सगळा जीव गोळा करून हाक मारली, "याकोब! अहो, इकडे या! याकोब!"

त्या हाकेसरशी धुक्यातला एकेक आवाज विझत गेला. कमरेएवढ्या पाण्यात याकोबाचे पाय सुटले. इतक्यात कोणीतरी त्याचे मनगट घट्ट धरले आणि त्या हाकेच्या दिशेने त्याला ओढत आणले. काठाला लागताच धुके विरले. मागे नदी दुथडी भरून वाहत होती.

"महाराज, तुम्ही हात धरलात म्हणून वाचलो!" तो म्हणाला.

महाराज सलोमीच्या मागेच उभे होते. त्यांचे कपडे कोरडे ठाक होते. "मी इथून हललो नाही, बाळा. हात धरणारा निराळा होता."

याकोबाने मनगटाकडे पाहिले. तिथे बोटांचे वळ लालभडक उमटले होते. तो हुंदके देऊ लागला. लेक गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. "सलोमी, ती तुझ्यामुळे नाही गेली गं. माझं दुःख मला झेपेना, म्हणून तुझ्यावर टाकत राहिलो."

"मलाही ती रोज आठवते," सलोमी म्हणाली. "पण ते बोलू कुणाशी?"

याकोब महाराजांच्या पायांवर कोसळला. त्यांनी त्याला उठवले. "प्रभूने तुला बाहेर काढलं. आता घर सांभाळणं तुम्हा दोघांकडे. उद्या दोघंही या. आज नुसतं ऐक, ती काय म्हणते ते."

भाविकहो, तो गर्विष्ठ बागाईतदार ओल्या वाळूत बायकोसमोर मान खाली घालून बसला, आणि सलोमी बोलू लागली.