बेहड्याला उंबरं भरवणारी सगुणा

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, त्या वाचणाऱ्यांनी पोटात घालाव्यात. शाळा लवकर सुटली, म्हणून शब्दही साधेच आहेत. गोष्ट मात्र जुनी आहे, आणि ऐकली तशीच सांगितली आहे.

फार फार वर्षं झाली. घाटाच्या कुशीत पानसई नावाचं गाव होतं, आणि गावाच्या वर होती देवराई. चैत्रात बाहेरचा कातळाचा सडा तव्यासारखा तापायचा, पण राईत पाऊल टाकलं की अंगावर काटा यायचा. तिथल्या जमिनीला ऊन कधी लागलंच नव्हतं. झाडाला झाड खेटलेलं, झाडावर वेल, वेलीवर शेवाळ, आणि पाऊस नसतानाही पानांतून थेंब गळत. तिथली पडलेली काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. ही राई माणसांनी लावली नाही, धनेश पक्ष्यांनी पेरली, असं म्हणतात. धनेश उंबर खातो, बी लांब नेऊन टाकतो, आणि त्या बीची राई होते. राईच्या मुळांतून झरा निघतो, झऱ्यावर गाव जगतं.

धनेशाची एक रीत आहे. मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. पिल्लू मोठं होईपर्यंत नर बाहेरून तिला भरवतो. तो आला नाही, तर आत दोघंही उपाशी मरतात.

धाकूला हे ठाऊक होतं, तरी त्याने नर मारला. त्याची बायको आवडी हिचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला ती अडली होती आणि मूल गेलं होतं. धनेशाची चरबी पोटाला चोळली की बाळंतीण अडत नाही, असं त्याला बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. त्याने राईच्या कडेला बंदूक झाडली. पक्षी पडला आणि त्याच्या गळ्यातली उंबरं एकेक करून धाकूच्या पायाशी घरंगळत आली. त्याने ती पायाने बाजूला सारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवडीच्या कळा सुरू झाल्या. धाकूने चरबी पुढे केली. सगुणा सुईणीने ती हुंगली आणि बाजूला ठेवली. दुपार झाली तरी मूल येईना. तेव्हा सगुणाने गावच्या चालीप्रमाणे घरातलं बंद असेल ते सगळं उघडायला लावलं. पेटीचं झाकण, कोठाराची कडी, गुरांची दावी, आवडीचा अंबाडा.

"आज चोराची चंगळ असा रे तुझ्या घरात," ती धाकूला म्हणाली. पण तिचे डोळे हसत नव्हते.

एवढ्यात आवडी म्हणाली, "काकी, भिंतीच्या आत कोण ठोकता?"

भिंतीला कुणीच नव्हतं. पण मग सगळ्यांनाच ऐकू आलं. टक. टक. कोरड्या लाकडावर चोच आपटावी तसं.

"माका उंबरा व्हयी," आवडी पुटपुटली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

सगुणा ओसरीवर आली. "धाकू, घरातला सगळा उघडला. आजून खंय काय बंद रवला?"

धाकूने मान खाली घातली आणि धनेश मारल्याचं सांगून टाकलं. मग म्हणाला, "मी जातंय, काकी. ढोली फोडून सोडतंय तिका."

"फोडलंस तर उदमांजरा खातली. पिसा झडली हत तिची, उडाक व्हायची नाय. ता दार ती आपणच उघडतली, पिल्लू मोठा झाल्यावर."

"मगे मी भरवतंय."

"तुझ्या हाताक बंदुकीचो वास येता. ती चोच भायर काढूची नाय."

सगुणाने काळं लुगडं नेसलं, ओटीत उंबरं भरली आणि राईकडे चालू लागली. इथं बाळंतीण सोडून सुईण निघाली, म्हणून बायका कुजबुजल्या. ती वळली नाही. राईच्या तोंडाशी धुकं उभं होतं. ते बाजूला झालं आणि तिच्या मागे मिटलं.

मग भिंतीतलं ठोकणं थांबलं. आवडीने मोठा श्वास सोडला आणि मूल रडलं. त्याच घडीला राईत चोचीने पहिलं उंबर घेतलं, असं म्हणतात.

सगुणा मात्र परतली नाही. धाकू रोज राईच्या कडेला पानावर भात ठेवी आणि हाक मारी, "काकी, घराक चल." सुरुवातीला आतून उत्तर येई, "आजून दार बंद असा." पुढे ते उत्तर घोगरं झालं. पुढे त्यात शब्द राहिले नाहीत. भाताला कुणी शिवत नसे, पण पानावर उंबराच्या बिया पडलेल्या असत.

एकदा धाकू न राहवून आत गेला. ढोली होती ते बेहड्याचं झाड एवढं उंच की वर धुक्यात संपत होतं. माणसाला चढता येणार नाही अशा उंचीवर, फटीसमोर, काळं काहीतरी खोडाला चिकटून होतं. फटीतून चोच आली, आणि त्या काळ्यातून एक सुरकुतलेला हात पुढे झाला. हातात लाखेच्या बांगड्या होत्या. धाकू मागच्या मागे बाहेर आला. त्यानंतर तो बांगड्यांचा आवाज ऐके, पण आत जात नसे.

वैशाख सरता सरता एका संध्याकाळी ढोलीचं दार आतून फुटलं. मादी निघाली, पिल्लू निघालं. आणि शेंड्यावरून तिसरा धनेश उडाला, त्याच्या पंखांचा घरघराट गावभर ऐकू आला. बेहड्याच्या मुळाशी काळं लुगडं घडी घालून ठेवलं होतं. वर लाखेच्या बांगड्या होत्या, एकही फुटली नव्हती.

पानसईत आजही बाई अडली की घरातलं सगळं उघडतात. मग ज्याने कधी बंदूक धरली नाही असा घरचा माणूस उंबरं घेऊन राईच्या कडेला जातो आणि म्हणतो, "सगुणाकाकी, तिका भरव." डोक्यावरून धनेश गेला की बायका बाळाला उचलून त्याला दाखवतात. राईच्या तोंडाशी एक जुना उंबर आहे, त्याच्या बुंध्यातून लोखंडाचं टोक बाहेर आलेलं दिसतं.

ते धाकूच्या बंदुकीचं आहे. लुगडं सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पानावरच्या बिया गोळा केल्या, बंदूक खांद्यावर टाकून राईकडे गेला, ओल्या मातीत नळी खाली करून ती दस्त्यापर्यंत रोवली आणि सगळ्या बिया तिच्याभोवती पेरल्या. मग तो झऱ्यावर बसून दिवस वर येईपर्यंत हात धूत राहिला.