परीच्या बागेतलं निळं फूल

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मंजुळी नावाची अनाथ मुलगी राहत असे. सोळा वर्षांची झाली, तरी पोटभर अन्न तिला क्वचितच मिळे. रोज सकाळी ती रानातल्या परीच्या बागेत जाई, दवाने चमचमणारी गळलेली फुलं वेची आणि त्यांचे गजरे करून विकी. झाडावरच्या फुलाला तिने कधी हात लावला नाही. उलट, सुकलेल्या इवल्या इवल्या रोपांना ती झऱ्याचं पाणी ओंजळीने आणून घाली.

साऱ्या गावात तिला 'पोरी' म्हणून हाक मारणारी एकटी गोदूमावशी. मावशीची मुलगी केतकी मंजुळीच्याच वयाची. दोघी एकत्र हसत, एकत्र गप्प बसत. आपल्या मनात काय आहे ते दोघींनाही ठाऊक होतं, पण बोललं कुणीच नव्हतं.

एकदा केतकी मंजुळीबरोबर बागेत आली. एका फांदीवर निळंशार फूल चांदणीसारखं लुकलुकत होतं. मंजुळी साऱ्या गावासाठी गजरे करते, पण तिच्या केसांत कधी फूल नसतं, असं म्हणत केतकीने ते खुडलं.

तत्क्षणी तिची पावलं मातीत रुतली. पायांवर साल चढू लागली. बोटांना कोवळी पोपटी पानं फुटली.

मंजुळीने धावत जाऊन मावशीला आणलं, तोवर साल छातीपर्यंत आली होती. मावशी ती साल नखांनी ओरबाडू लागली. तेवढ्यात पानांआडून मोरपंखी झग्यातली परी पुढे आली. झाडावरचं फूल खुडणाऱ्याने झाड व्हायचं, हा बागेचा नियम तिलाही मोडता येत नव्हता. पण मंजुळीने रोपं जगवली होती, म्हणून एक इच्छा ती पुरवणार होती.

"मात्र मी पुरवते त्या इच्छेला खोटं सोसत नाही," परी हळुवारपणे म्हणाली. "जिच्यासाठी मागशील, ती तुझी कोण हे खरं सांग. खोटं बोललीस तर इच्छा विरून जाईल."

'मैत्रीण' हा शब्द मंजुळीच्या ओठांवर आला आणि तिथेच थांबला. समोर मावशी होती. खरं ऐकल्यावर ती पुन्हा दारात उभं करील का? पण साल आता केतकीच्या गळ्याला टेकली होती.

"माझं केतकीवर प्रेम आहे," मंजुळी मावशीकडे पाहत म्हणाली. "गोष्टीतली राजकन्या राजपुत्रावर करते ना, तसं. परी, तिला सोडव."

साल तडकली. सोनेरी पाकळ्या होऊन ती वाऱ्यावर भिरभिरली. केतकी मंजुळीच्या मिठीत कोसळली.

"माझंही," ती कशीबशी म्हणाली.

मावशी त्यांच्याजवळ आली. दोघींनी हात सोडले नाहीत. मग मावशीने पदराने डोळे पुसले.

"मला हे समजायला वेळ लागेल," ती म्हणाली. "पण लेक झाड होताना पाहिलीय मी आज. आता कुणालाच हरवायचं नाही मला. चला घरी, दोघीही."

परीने पंख उघडले. गुलाबी, केशरी, रुपेरी उजेड साऱ्या बागेवर सांडला. तो ओसरला तेव्हा परी कुठेच नव्हती. तिघी डोंगराची वाट उतरत होत्या. मावशी मध्ये चालत होती, दोघींचे हात धरून.