सगुणाला जेवण जात नाही

एका गावात एक भोळा म्हाळू होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता, तो पोरांसमोर सांगण्यासारखा नाही.

म्हाळूची बायको सगुणा. लग्न होऊन आली तेव्हा हसतमुख होती. पुढे तिचं तोंड उतरलं. पोट फुगायचं, आंबट ढेकर यायचे, जेवण जायचं नाही, आणि विनाकारण डोळ्यांना पाणी यायचं. विनाकारण हे म्हाळूचं मत. तो चुलीपुढे पाटावर बसला की तव्यावरची शेवटची भाकरी संपेपर्यंत उठत नसे. मग सगुणा उरलंसुरलं, गार झालेलं, कधी आदल्या दिवशीचं, खरवडून खायची. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण गावातल्या सगळ्या बायका तशाच जेवत. शहाण्यांच्या घरीसुद्धा. तेव्हा एकट्या म्हाळूला मूर्ख म्हणायचं असेल तर जरा दमानं.

सगुणाचा थोरला भाऊ केरबा. त्याच्या कानावर बहिणीचे हाल गेले. त्यानं निरोप धाडला, "शनवारी गाडी घिऊन येतो. तवाबी सगुणा रडत असंल तर घिऊन जाणार. परत धाडायचं नंतर बघू."

म्हाळूचं धाबं दणाणलं. सगुणा गेली तर भाकरी कोण करणार? शिवाय ती त्याला आवडायचीही. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांग असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तो धावत अंताजी वैद्यांकडे गेला. वैद्यांनी सगुणाला बघितलंही नाही. त्या काळी बाईचं पोट नवऱ्याच्या तोंडून तपासायची रीत होती.

"म्हाळू, माणसाचं मन पोटावर चालतं," वैद्य म्हणाले. "पोटात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव राहतात. ते तृप्त, तर माणूस तृप्त. ते उपाशी राहिले की माणूस कुढतो. त्या जीवांना खाऊ घाल."

"समजलं," म्हाळू म्हणाला.

म्हाळू समजलं म्हणाला की शहाण्या माणसानं घराला कडी लावून घ्यावी. बारीक जीवांना काय घालतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची आई पिंपळाखालच्या मुंग्यांना साखर आणि पीठ घालायची. दुपारी सगुणाचा डोळा लागला तशी त्यानं तिच्या बेंबीभोवती साखर-पिठाचं छान गोल रिंगण घातलं आणि वाट बघत बसला. बघता बघता त्याला डुलकी लागली. जागा झाला तर पोटावर मुंग्यांची ही झुंबड!

"आलं, भाईर आलं!" म्हाळू टाळ्या पिटत ओरडला. "किती उपाशी हुतं गं बिचारं!"

सगुणा किंचाळत उठली. आळी गोळा झाली. सगुणा दिवसभर पोट खाजवत रडली. म्हाळूला कळेना, जीव तर पोटभर जेवले, मग ही का रडते?

वैद्यांनी कपाळावर हात मारला. "अरे शंखा, बाहेरून नव्हे, आतून! तिला ताक दे. चमचाभर विरजण पातेलंभर दुधाचं दही करतं ना? तसंच पोटाचं आहे. थोड्यानं काम होतं."

"समजलं."

विरजण लावणं म्हाळूला येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं सगुणाला चमचाभर ताक पाजलं. मग तिला दोन घोंगड्यांत गुंडाळून चुलीशेजारी उबेला बसवलं आणि झाकण म्हणून डोक्यावर परात ठेवली.

"अवं, उकडतंय मला!" सगुणा आतून म्हणाली.

"हलू नगंस. हललं की पाणी सुटतं."

शेजारची पारू घागर घेऊन दारात आली. "सगुणा, पाण्याला येतीस न्हवं?"

"सांजच्याला या," म्हाळूनं दारातूनच सांगितलं. "अजून लागली न्हाई."

दुपार टळल्यावर त्यानं परात उचलून सगुणाच्या गालाला बोट लावून बघितलं. बोट ओलं झालं. घाम होता की आसवं, हे विचारायचं त्याच्या मनात आलं नाही. "अजून पातळच हाय," म्हणून त्यानं परात पुन्हा ठेवली. शेवटी पारूनंच येऊन तिला सोडवलं आणि म्हाळूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"अरे बैला!" या वेळी वैद्य उभेच राहिले. "ती बाई आहे, दह्याचं गाडगं नव्हे! तिला हालतं ठेव. खाल्लं की शतपावली करायला लाव. चाललं की अन्न पचतं, अन्न पचलं की मन हलकं होतं."

"समजलं."

सगुणानं ताट घेतलं. पहिला घास तोंडात घातला.

"खाल्लंस?"

"व्हय."

"मग ऊठ!"

शंभर पावलं झाली. सगुणा धापा टाकत परत आली. दुसरा घास घेतला. "खाल्लंस? ऊठ!" पुन्हा मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत. तिसऱ्या घासाला भाकरी वातड झाली होती. चौथ्याला ती कुत्र्यानं नेली होती.

पारावरची मंडळी पोट धरधरून हसली. ही मंडळी नुकतीच भरपेट जेवून, ढेकर देत पारावर आली होती, आणि त्यांच्या घरी त्याच वेळी त्यांच्या बायका पातेली खरवडत होत्या. त्याचं हसू मात्र कोणाला आलं नाही.

शनिवार उजाडला. म्हाळू रडकुंडीला येऊन वैद्यांच्या दारात उभा राहिला. "वैद्यबुवा, आज पाव्हणा येणार. माझी सगुणा जाणार. कायतरी करा!"

वैद्य जेवत होते. बायको गरम गरम वाढत होती. "तू आता काही म्हणजे काही करू नकोस!" ते घास हातात धरूनच ओरडले. "तिलाच विचार, कशामुळे जेवण जात नाही. ती सांगेल ते घरातून बाहेर काढ आणि तिला ताजं खाऊ दे!"

हे वैद्यांना पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. पण ते पडले वैद्य, त्यांना कोण हसणार?

म्हाळू घरी आला. सगुणा भाकऱ्या थापत होती.

"सगुणा, कशामुळं जेवान जात न्हाई तुला? वांग्यामुळं?"

"न्हाई."

"कारल्यामुळं?"

"न्हाई."

"मग?"

सगुणाचा हात थांबला. या घरात तिला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. तिला भडभडून आलं. "तुमच्यामुळं! भाकरी सरस्तवर तुमी हितनं उठत न्हाई. उरलंसुरलं गिळू किती? तुमी समोर बसलासा की घास उतरत न्हाई मला!"

दुसरा कोणी असता तर शरमेनं मान खाली घातली असती. म्हाळूला आनंद झाला. घरातून काढायची वस्तू सापडली होती! त्यानं धोतर, घोंगडी आणि तांब्या गाठोड्यात बांधला.

इतक्यात दारात गाडी थांबली. केरबा मिशीला पीळ देत उतरला. "पाव्हणं, सगुणाला न्यायला आलोय."

"गाडी वळवा," म्हाळू म्हणाला आणि गाठोडं घेऊन गाडीत चढून बसला.

"तुमी कुटं?"

"जेच्यामुळं तिला जेवान जात न्हाई ते घराभाईर काढायचं हाय. ते म्याच हाय. मला न्या, सगुणाला ऱ्हाऊ द्या."

केरबानं घरात डोकावून बघितलं. सगुणा म्हाळूच्या पाटावर बसली होती. तव्यावरून उतरलेली वाफाळती भाकरी तिच्या ताटात होती आणि तोंडात मोठा घास होता.

"दादा, न्हे त्यास्नी," ती म्हणाली. "आन् बिगीनं हाक. माझी भाकरी गार हुतीया."

तिकडे सगुणाची आई केव्हापासून वाटेकडे डोळे लावून बसली होती. दिवेलागणीला गाडीचा आवाज आला तशी ती लेकीवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आली. गाडीतून गाठोडं उतरलं. मागोमाग म्हाळू उतरला. लेकी माहेरी आल्यावर काय करतात हे त्यानं पाहिलेलं होतं. तो धावत गेला, सासूच्या गळ्यात पडला आणि हुंदके देत म्हणाला, "आये, म्या म्हायेरी आलो!"

त्या दिवसापासून सासूला जेवण जात नाही.