वाफेचं सोंग

“पण आबा, पोरांचं चुकलं कुठं? एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.”

नारबा धुरी पाटावर बसून मुकुटाला बेगड चिकटवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“एकव शब्द नाय?”

“एकही नाही. सदतीस पानांचं नाटक. महिनाभर घोकून घेतलं मी.”

“भारी काम केलंस,” नारबा म्हणाले.

पेडणेकरबाईंना हे कौतुक वाटलं.

नारबा म्हणजे तळकोकणातले जुने दशावतारी. सत्तावन्न वर्षं तोंडाला रंग लावला. राक्षस झाले, राण्या झाल्या, आणि एवढ्या वर्षांत एकदाही लिहिलेलं वाक्य पाठ केलं नाही. दशावतारात ते नसतंच. खेळाआधी कंपनीचा मालक नुसती गोष्ट सांगतो, कोण कुणाला भेटतो आणि कोण हरतो. बोलायचं काय, ते ज्या त्या पात्रानं उभ्या उभ्या बघायचं. बाईंना हे चांगलं ठाऊक होतं. त्यावर त्यांनी एकदा तालुक्याला भाषणही ठोकलं होतं.

वृंदा पेडणेकर वाडीच्या शाळेत पाचवीला शिकवत. कलेतून शिक्षणाच्या प्रशिक्षणात त्यांचा पहिला नंबर आला होता. तो त्यांनी घरी, दारी आणि एकदा एसटीतही सांगून झाला होता. मग ‘जलचक्र’ नावाचं नाटक स्वतः लिहिलं. निळ्या साडीचा समुद्र केला, कापसाचे ढग केले, आणि ते बघायला केंद्रप्रमुखांना बोलावलं.

सगळं छान झालं. टाळ्या पडल्या. मग केंद्रप्रमुखांनी वाफ झालेल्या मनस्वी राऊळला सहज विचारलं, “बाळ, समुद्राचं पाणी खारट. मग पावसाचं खारट का नसतं?”

मनस्वीनं थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, ता माझ्या वाक्यात नाय.”

सगळे हसले. केंद्रप्रमुखही हसले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येतो म्हणाले. बाईंना मात्र हसता आलं नाही. पोरगी जराही ओशाळली नव्हती, तेच त्यांच्या मनाला लागलं. बारा वर्षं झाली शिकवायला लागून. या बारा वर्षांत पोरांना खरंच काही आलं, की नुसती आपली वाक्यं आली?

हे नारबांना सांगण्याइतका मोकळेपणा त्यांच्यात नव्हता. त्या म्हणाल्या, “तुम्ही फक्त अभिनय सुधारा आबा. बाकीचं मी बघते.”

“वही हाड बघूया.”

बाईंनी नाटकाची वही दिली. नारबांनी हात पुसले, वही कपाळाला लावली आणि आत नेली. आत खेळाच्या सामानाचा पेटारा होता. त्याची रोज पूजा होते. नारबांनी वही मुकुटांशेजारी ठेवली, झाकण लावलं, वर एक जास्वंद ठेवली आणि हात जोडले.

“आबा! माझ्याकडे दुसरी प्रत नाही.”

“देवाक पोचली ती. आता उबी रव.”

“उभी राहून?”

“मी समुद्र. तू वाफ. तू आता वर चललंस.”

शेजारच्या अंगणात कुणी नाही ना, हे बाईंनी आधी बघून घेतलं. मग घसा साफ केला.

“हे अथांग सागरा, मी तुझी...”

“ता पेटाऱ्यात गेला. दुसरा बोल.”

“दुसरं लिहिलेलंच नाहीये.”

नारबा उठले. वय एकोणऐंशी, गुडघे कुरकुरणारे. पण खांदे मागे घेऊन ते समोर उभे राहिले आणि बाई दोन पावलं मागे सरल्या. खेळातली भाषा घरातल्यासारखी नसते. तिथं राजा राजासारखा बोलतो.

“हे कन्ये! माहेर सोडून निघालीस? मग रिकाम्या हातानं जाऊ नकोस. या घरातलं सारं मीठ आज तुझं. घे!”

त्यांनी भरलेली ओंजळ पुढं केली. ओंजळीत अर्थातच काही नव्हतं.

बाईंचे हात आपोआप पुढं आले. अर्ध्यावर थांबले.

“नको, बाबा.”

“बापाचं देणं नाकारतेस? का?”

नारबांनी ओंजळ आणखी पुढं केली. “उत्तर दे, कन्ये! का?”

बाष्पीभवनाची व्याख्या बाईंना झोपेतसुद्धा म्हणता आली असती. पण समोर एक म्हातारा बाप ओंजळ भरून उभा होता, आणि त्याला व्याख्या कशी सांगणार?

“बाबा...” त्या अडखळल्या. “ते मला उचलवत नाही. मी फार हलकी झालेय. उन्हाचा हात धरून जेमतेम निघालेय. मीठ तुमच्यापाशीच राहू दे. ते घेऊन मला जाताच येणार नाही.”

बोलता बोलता त्यांनी पदरानं डोळे टिपले. लगेच स्वतःचंच हसू आलं. एवढ्याशा मिठासाठी!

नारबांची ओंजळ तशीच राहिली होती. मग त्यांचे खांदे खाली आले.

“खरा काय गो? मीठ वर जाणाच नाय?”

“नाही जात.”

“म्हणान पावसाचा पाणी गोडा! एकोणऐंशी वर्सां पितंय, माका कोणी सांगूक नाय.”

बाईंना वाटलं होतं, म्हातारा आपली परीक्षा घेतोय. त्यांनी नीट बघितलं. नारबा खरोखरच खूश झाले होते. आपल्यामुळे कुणाला काही कळताना बाईंनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं.

“मग पोरांना काय देऊ?”

“गोष्ट दी. कोण खंयसून निघाला, खंय पोचला. बाकीचा तेंका बोलूक दी.”

“आणि कुणी अडलं तर?”

“समोरचो सांभाळता.”

“सगळेच अडले तर?”

नारबा पाटावर बसले आणि पुन्हा बेगड चिकटवायला लागले.

पंधरा दिवसांनी केंद्रप्रमुख आले. नारबाही येऊन भिंतीकडच्या खुर्चीत बसले. या खेपेला निळी साडी नव्हती, कापूस नव्हता. खेळाचं सामान म्हणून फक्त एक बाकडं होतं. ते आधी किनारा झालं, मग डोंगर झालं.

समुद्र होता गजानन. त्यानं मनस्वीला मीठ देऊ केलं. तिनं नाकारलं. मग त्यानं बांगडे दिले, सुंगटं दिली, शेवटी फाटकं जाळंही दिलं.

“जाळा तरी घेवन जा गो! ढगात मासे गावतले!”

“माका माजोच भार सोसणा नाय, तुजा जाळा खंय नेव?”

वर्ग हसून लोळला. केंद्रप्रमुखांनी पेन काढलं होतं, ते हातातच राहिलं.

मनस्वी बाकड्यावर चढली. ढग व्हायचं, तर मध्येच थांबली.

“बाई, मी इलंय, मीठ थंयच रवला. काल दुसरी वाफ इली, तिचाव थंयच रवला. मगे समुद्र वर्सान् वर्सां जास्त खारट होता काय?”

“पण पाऊस परत माझ्यातच पडता!” समुद्र म्हणाला.

“आणि नदी काय काय घेवन येता ता?” मागून कोणीतरी ओरडलं.

एकच गलका झाला. मग तो थांबला आणि सगळी तोंडं बाईंकडे वळली. केंद्रप्रमुखांचंही.

बाईंनी तोंड उघडलं.

उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हतं, प्रशिक्षणातही नव्हतं. हा पुढच्या इयत्तेचा भाग आहे, असं सांगून सुटता आलं असतं. महिन्यापूर्वी त्या सुटल्याही असत्या.

“मला येत नाही,” त्या म्हणाल्या.

मग आपल्या खुर्चीपाशी चपला काढल्या आणि फरशीवर, पोरांच्या रांगेत जाऊन बसल्या.

“गजानन, तू काय म्हणत होतास? पुन्हा सांग.”

गजाननानं सांगितलं. मनस्वीनं ते खोडून काढलं. कुणी खडू आणला, कुणी नदी काढली. मधली सुट्टी झाली तरी कुणी उठेना. केंद्रप्रमुख कधी उकिडवे बसले आणि कधी त्यांनी खडू घेतला, हे त्यांनाही कळलं नाही.

नारबा निघाले. बाई दारापर्यंत आल्या. चेहरा फुललेला, तरी मनात थोडी चुटपुट होतीच.

“आबा, सगळ्यांसमोर अडले मी.”

नारबांनी काठी सावरली. बाईंच्या पदराला लागलेली खडूची पूड त्यांनी बघितली.

“आता तू पात्र झालंस, बाय.”